वाणात गेलेला घोडा

कबड्डीत रेषापंचाने बोलायचं नसतं. खेळाडू रेषेबाहेर गेला की त्याने फक्त हात वर करायचा.

*

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात. पाणी रोज बदलायचं.

*

कांताकाकूंच्या देवघरात गणपतीशेजारी एक हत्ती आहे. त्याच्या कपाळाला कुंकू आहे आणि पाठीला पिन.

*

"टीव्हीवर पूरा आशियाड पाह्यला मी. तू कुठीच दिसला नाही."

*

एखादीने दिलेलं ब्लाउजपीस चार घरं फिरून तिच्याच ओटीत परत पडलं, तर दोन घरं वर्षभर बोलत नाहीत.

*

घोडा गेला.

*

घोडा म्हणजे बिल्ला. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, निळ्या मिन्याचा, त्यावर चारी पाय हवेत टाकून पळणारा सोनेरी घोडा. खाली मंगोलियाचं नाव होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की ती अक्षरं तांडापेठेच्या अख्ख्या विणकर वस्तीत कोणाला वाचता येत नव्हती.

तो कृष्णकांत धकातेचा होता. कृष्णकांत दिवसा गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात कापडाचे थान मोजायचा आणि संध्याकाळी बालवीर क्रीडा मंडळाच्या मैदानात रेषेवर उभा राहायचा. ब्याऐंशी साली दिल्लीला आशियाड झालं, तेव्हा कबड्डीही होती. पदकासाठी नाही, नुसती पाहुण्यांना दाखवायला. यादीतला कोणीतरी रेषापंच आजारी पडला आणि त्याच्याखालचं नाव कृष्णकांतचं निघालं. दिवाळी नुकतीच आटोपली होती. बायकोने, वच्छलाबाईने, फराळाचा डबा बांधून दिला आणि तो जी.टी. एक्सप्रेसने दिल्लीला गेला.

कबड्डीत त्याचं काम थोडं होतं. बाकी दिवस मोकळे. खेळाडूंच्या फाटकाबाहेर त्याने पाहिलं, की जगातली धडधाकट माणसं एकमेकांच्या छातीकडे टक लावून उभी आहेत. टोपीवर बिल्ले, कॉलरवर बिल्ले, पट्ट्यावर बिल्ले. कोणी कोणाची भाषा जाणत नाही. एक बोट दाखवतो, दुसरा मान हलवतो, पहिला दुसरं काही दाखवतो, हात मिळवतात, बिल्ले बदलतात. कृष्णकांत पाहतच राहिला. बोलायचं नाही, नुसता हात वापरायचा. हा खेळ जणू रेषापंचांसाठीच काढला होता.

तो डबाभर बिल्ले घेऊन परतला. जपान, कोरिया, कुवेतची होडी, इराकचं काहीतरी हिरवं, आशियाडचं बोधचिन्ह असलेले अप्पू हत्ती आठ-दहा. आणि घोडा.

*

तांडापेठेला त्याने शिकवलेले दिल्लीचे नियम:

हवा असलेल्या बिल्ल्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारच्याकडे बघायचं.

एकदा दिलं ते परत मागायचं नाही.

बिल्ले साठवायचे नसतात, फिरवायचे असतात.

शेवटचा नियम तो घोडा हातात धरून सांगायचा आणि सांगून झाल्यावर घोडा खिशात टाकायचा.

*

"कसा मिळाला बे हा घोडा?" मैदानात कोणी विचारलं की कृष्णकांत सुरू व्हायचा.

"मंगोलियाचा पैलवान होता. दार कमी पडे त्याले आत याले. मी त्याच्या समोर उभा झालो. छातीवर आपल्या मंडळाचा बिल्ला. त्यानं बिल्ल्याकडे पाह्यलं, मी त्याच्या बुटाकडे पाह्यलं. तो म्हने दे. मी म्हटलं नाही. अर्धा घंटा, पाय न हलवता! शेवटी घामेघूम झाला, घोडा काढून माह्या हातावर ठेवला अन् बालवीर मंडळ घेऊन गेला मंगोलियाले."

ही गोष्ट सगळ्यांना आवडे. एक भैयाजी सोडून.

भैयाजी निखारे मंडळाचे चिटणीस. सुताला रंग द्यायचा त्यांचा कारखाना होता, त्यामुळे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. दिल्लीला जायचं त्यांच्या मनात होतं, पण यादीत नाव नव्हतं. त्यांनी नवीन टीव्ही घेतला, आशियाड पाहिलं, आणि जाहीर केलं:

"किसना दिल्लीले गेला हे खरं. पन करोलबागेत मेहुन्याकडे राह्यला, जेवला, झोपला अन् वापस आला. बिल्ले काय, बाजारात भेटतात."

"फोटो काहाडले होते ना भैयाजी."

"दाखव मंग."

फोटो नव्हते. मेहुण्याच्या कॅमेऱ्यात रोल नीट बसला नव्हता. सगळं आशियाड कोरं आलं.

शेवटी मंडळाने ठरवलं, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कृष्णकांतचा सत्कार करायचा. अध्यक्षस्थानी भैयाजी. ते म्हणाले, "घोडा कोटाले लावून येजो. अप्पू बाजारात भेटते, घोडा भेटत नाही. मी वाचाचा चष्मा घेऊन येतो. खरा निघाला तं हार घालतो. नाही तं मायकवर सांगतो, करोलबाग."

कृष्णकांत म्हणाला, "या ना. दोन चष्मे आना."

*

संक्रांतीनंतरचा रविवार. कृष्णकांत मौद्याला सामने होते म्हणून गेलेला, संध्याकाळी परतला. अंगणात रांगोळी, ओसरीवर तिळाचा वास आणि वच्छलाबाई प्रसन्न.

"लय मस्त झालं हळदीकुंकू," ती म्हणाली. "लोकं चहाच्या गाळण्या वाटतात, कंगवे वाटतात. मी फारेनचं वाण लुटलं. तांडापेठेत कोनीच देल्लं नसन आजवर."

कृष्णकांत खुंटीला पिशवी टांगत होता. पिशवी खाली पडली.

"कोनतं फारेनचं?"

"तुमच्या डब्यातले बिल्ले."

"माहे बिल्ले?"

"तुमचे कायचे? दिल्लीहून आले तेव्हा मी विचारलं, माह्यासाठी काय आनलं. तुम्ही डबा पुढं केला. म्हटलं, हे? तं म्हने, हाव, तुह्यासाठीच आनलं. माह्यासाठी आनलं ते मी वाटलं."

हे खरं होतं. त्या दिवशी त्याच्याजवळ दाखवायला दुसरं काही नव्हतं.

"अवं पन घोडा! घोडा तं ठेवाचा होता!"

"तुम्हीच तं मैदानात सांगून राह्यले, साठवाचे नसतात, फिरवाचे असतात. मी फिरवले."

"कोनाले देल्ला घोडा?"

"मी काय पाहून देल्लं? हळदी लावली, कुंकू लावलं, बिल्ला देल्ला. आता जाऊन मागू नोका. वाण परत मागत नाहीत."

"मले सव्वीस तारखेले पाहिजे वं!"

"मंग अदलाबदल करा. येते ना तुम्हाले."

*

तांडापेठ, पहिला दिवस, कांताकाकू.

त्यांच्या वाट्याला अप्पू आला होता. हत्ती पाहिल्यावर त्यांनी त्याला सरळ देवघरात नेलं होतं. सूर्यासारखं काहीतरी कपाळावर आहे, सोंड आहे, हसतो आहे. आणखी काय पाहिजे? कृष्णकांत आत गेला तेव्हा अप्पूपुढे तिळगूळ होता.

"काकू, हा खेळाचा हत्ती आहे."

"बाप्पा बी खेळतेच."

त्याने अप्पूला नमस्कार केला आणि बाहेर आला.

*

दुसरा दिवस, गोपिका. शेजारचंच घर.

कृष्णकांत पक्क्या तयारीने गेला. बिल्ल्याकडे बघायचं नाही. तो खाटेवर बसला आणि समोरच्या खिडकीच्या पडद्याकडे बघू लागला. चहा आला. पडद्याकडे बघत त्याने चहा घेतला. हवामानावर बोलला, पडद्याकडे बघत. पडद्यावर मोठमोठी जास्वंदं होती.

"भाऊजी, पडदा आवडला वाटते," गोपिका म्हणाली.

दिल्लीत असं कोणी बोलत नसे. नियमात हे नव्हतं.

"चांगला आहे," तो म्हणाला.

गोपिका उठली, ट्रंक उघडली आणि त्याच जास्वंदीचा उरलेला तुकडा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. "वच्छलावहिनीले द्या. दोन खिडक्या होतात."

मांडीवर जास्वंद घेऊन कृष्णकांतने सगळे नियम सोडले. "वहिनी, तुम्हाले वाणात काय आलं होतं?"

"घोडा."

तो उभाच राहिला.

"कुठी आहे?"

"काल माहं हळदीकुंकू झालं ना. चार वाणं कमी पडले. रंभामावशीले देऊन टाकला."

"वाणात आलेलं वाण फिरवलं?"

"फिरवाचंच असते ना भाऊजी. तुम्हीच तं सांगता."

*

मध्येच: त्याच आठवड्यात तुळसाबाईकडे हळदीकुंकू झालं आणि वच्छलाबाईच्या हातात वाण म्हणून कुवेतची होडी पडली. तिचीच. तुळसाबाईच्या लक्षात यायच्या आत सगळ्या बायकांच्या लक्षात आलं. वच्छलाबाई घरी आली, होडी मिठाच्या बरणीमागे टाकली आणि म्हणाली, "तुळसाचं नाव काढू नोका या घरात." कृष्णकांतला डब्यातला एक बिल्ला परत मिळाला, तो असा. त्यात त्याचं कौशल्य काहीच नव्हतं.

*

रंभाबाई मूळच्या उमरेडच्या. तांडापेठेत आता थोड्याच घरांत हातमाग उरले होते, त्यातला एक त्यांचा. कृष्णकांत गेला तेव्हा त्या मागावर बसलेल्या होत्या. खटक-खटक. धोटा इकडून तिकडे पळत होता आणि मागाच्या चौकटीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर, निळ्यावर सोनेरी, घोडा.

"मावशी, नमस्कार."

"घोड्यासाठी आला ना?" त्यांनी माग थांबवला नाही. "गोपी सांगून गेली. वाण परत देत नसते बापा."

"परत नाही मागत मावशी. अदलाबदल."

"काय देतं?"

त्याने पिशवी उघडली. आशियाडची टोपी काढली.

"ऊन लागते काय मले घरात?"

पंचाची शिटी काढली.

"शिटी घेऊन मी काय चौकात उभी राहू?"

जास्वंदीच्या पडद्याचा तुकडा काढला. रंभाबाईंनी तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि परत पिशवीत टाकला. चाळीस वर्षं कापड विणणाऱ्या बाईला गिरणीचा छापील तुकडा दाखवल्याबद्दल कृष्णकांतलाच लाज वाटली.

"घोडा आला तवापासून धागा तुटला नाही माहा," त्या म्हणाल्या. "धोट्यासंग पळते तो. कायले देऊ?"

"मावशी, माही इज्जत आहे त्याच्यात. भैयाजी मायकवर सांगन, करोलबाग."

माग थांबला. तो थांबल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

"वच्छलेच्या हातचे अनारसे," रंभाबाई म्हणाल्या. "दरसाल दिवाळीले डबा येते मले. औंदा नाही आला. मी विचारलं तं म्हने, औंदा अनारसे दिल्लीले गेले. डबाभर आन. घोडा घेऊन जा."

*

"अनारसे?" वच्छलाबाई म्हणाली. "जानेवारीत?"

"हाव."

"तांदूळ तीन दिवस भिजते. मंग वाळवा, कुटा, गूळ घाला, पीठ मुरू द्या. पोरखेळ आहे काय?"

"मी करतो सगळं. तू फक्त सांग."

वच्छलाबाईने त्याच्या पायाकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून बोलत होता, तोही चपला काढून.

मग असं झालं. सकाळी दुकानात जायच्या आधी तांदळाचं पाणी बदलायचं. ते पाणी दिवसागणिक आंबट होत गेलं आणि त्याचा वास कृष्णकांतच्या हातांना गांधीबागेपर्यंत यायचा. तो थान मोजत असताना मालक दोन वेळा नाक वर करून गेले. चौथ्या दिवशी तांदूळ धोतरावर पसरले. मग खलबत्ता. रेषापंचाचा उजवा हात, जो आशियाडमध्ये वर गेला होता, तो आता खाली-वर, खाली-वर.

वच्छलाबाई चाळणी धरून समोर बसली होती.

"एक विचारू?"

"विचार."

"घोडा कायच्या बदल्यात देल्ला त्या पैलवानानं?"

"किती वेळा सांगू? मंडळाच्या बिल्ल्याच्या."

"तुमच्या छातीवरचा, तोच?"

"तोच."

"एकच होता ना तो?"

"एकच असते."

"मंग कोटावर कोनता आहे?"

कुटणं थांबलं. खुंटीवर कोट होता, कोटावर बालवीर क्रीडा मंडळाचा बिल्ला होता. दिल्लीहून आला तेव्हापासून तिथेच होता. तांडापेठेत एवढ्या लोकांनी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली, कोणी कोटाकडे पाहिलं नव्हतं.

"तो दुसरा असन," कृष्णकांत म्हणाला.

"हाव," वच्छलाबाई म्हणाली. "कुटा. जाड राह्यलं."

*

पहिला अनारसा तुपात हसला. म्हणजे फुटून कढईभर पसरला. वच्छलाबाई म्हणाली, कमी मुरलं. दुसराही हसला. तिसरा हसता हसता राहिला. चौथ्यापासून खसखशीची बाजू वर धरून ते नीट गोल, जाळीदार, लालसर येऊ लागले. कृष्णकांत प्रत्येकाच्या वेळी श्वास धरून उभा होता, कबड्डीतल्यासारखा.

पंचवीस तारखेला दोघं डबा घेऊन रंभाबाईंकडे गेले. रंभाबाईंनी एक अनारसा तोडला, जाळी पाहिली, खाल्ला, डोळे मिटले. मग उठून घोडा मागावरून काढला.

कृष्णकांतने हात पुढे केला.

रंभाबाई त्याच्या बाजूने निघून गेल्या. करंड्यातलं कुंकू घेऊन त्यांनी वच्छलाबाईच्या कपाळाला लावलं आणि घोडा तिच्या पदरावर, खांद्यापाशी, टोचला.

"मावशी, रथसप्तमी होऊन गेली," कृष्णकांत म्हणाला. "आता कायचं वाण?"

"मी देईन तवा वाण. अन् वाण बाईले देतात. माणसाच्या हातावर कोन ठेवते?"

रस्त्याने परत येताना तो दोनदा खाकरला.

"वच्छला."

"मागू नोका," ती म्हणाली. "वाण आहे."

*

सव्वीस जानेवारी. झेंडा फडकला. खुर्च्या भरल्या. भैयाजींचे हात त्या दिवशी केशरी होते. चष्मा खिशात, हार टेबलावर. हाराला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

कृष्णकांत मंचावर आला. कोटावर मंडळाचा बिल्ला. त्याच्याशेजारी काही नाही.

"घोडा?" भैयाजींनी मायकवरच विचारलं.

कृष्णकांतने बोट दाखवलं. पहिल्या रांगेत वच्छलाबाई बसली होती. पदरावर घोडा पळत होता.

भैयाजींनी चष्मा लावला. दोन पायऱ्या उतरले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बिल्ला जवळून बघायचा म्हणजे चारचौघांत, झेंड्याखाली, दुसऱ्याच्या बायकोच्या खांद्यावर वाकायचं. ते तिथेच थबकले. मान लांब केली. जवळ आले. मागे गेले. त्यांच्या स्वतःच्या बायकोने दुसऱ्या रांगेतून विचारलं, "अवो, काय पाहून राह्यले?"

चष्मा खिशात गेला.

"लांबून काय समजते," ते पुटपुटले. "घोडाच आहे कशावरून?"

"घोडाच आहे!" गोपिका उभी राहून म्हणाली. "माह्या घरी दोन दिवस होता."

"माह्या मागावर पळे तो," रंभाबाई म्हणाल्या. "भैयाजी, तुह्या रंगापेक्षा पक्का आहे त्याचा रंग."

हसू उसळलं. त्या रविवारच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकदम बोलू लागल्या. कोणाकडे जपान होता, कोणाकडे कोरिया, कोणाचा इराक सुनेने माहेरी नेला होता. तुळसाबाईसुद्धा म्हणाली, "माह्याकडे कुवेत होता," आणि वच्छलाबाईने तिच्याकडे बघितलं नाही. एवढं जग करोलबागेत मिळत नाही, हे भैयाजींच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. त्यांनी हार उचलला.

"ठीक आहे. मान्य," ते म्हणाले. "पन सगळ्यांच्या समोर एक डाव सांग. कायच्या बदल्यात घेतला हा घोडा?"

कृष्णकांतने मायक हातात घेतला. ही गोष्ट त्याला झोपेतही पाठ होती. समोर अख्खं मंडळ, पहिल्या वाक्यालाच टाळ्या द्यायला तयार.

"मंगोलियाचा पैलवान होता," त्याने सुरुवात केली. "दार कमी पडे त्याले. मी समोर उभा झालो. छातीवर हा आपल्या मंडळाचा..."

पहिल्या रांगेत वच्छलाबाईने हात वर केला.

सरळ, कोपर न वाकवता, तळवा पुढे. लग्न झाल्यापासून ती अंगणात नवऱ्याला याचा सराव करताना पाहत आली होती. तिचा हात त्याच्यापेक्षा नीट होता. लोकांना वाटलं, बाईंना काही विचारायचं आहे. मंडळाच्या खेळाडूंना मात्र लगेच कळलं, आणि सवयीने दोघांनी कृष्णकांतच्या पायाकडे पाहिलं.

कृष्णकांत थांबला. हात वर होता. खाली यायचं लक्षण नव्हतं.

"अनारशाच्या," तो म्हणाला.

"काय?"

"अनारशाच्या बदल्यात. घरच्या. हिच्या हातच्या."

मैदान असं हसलं की झेंड्याच्या काठीवरचा कावळा उडाला. बालवीर मंडळाच्या इतिहासात एवढा चांगला विनोद कोणी केला नव्हता. भैयाजींनी हसत हसत त्याच्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाले, "मजाक सोड बे. पहिलेचीच गोष्ट खरी होती ना? अर्धा घंटा उभा होता ना तू?"

"अनारसे, भैयाजी."

"नोको सांगू. मले ठाऊक आहे."

वच्छलाबाईने हात खाली घेतला, पदर सारखा केला. कृष्णकांतकडे पाहिलं नाही. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच. खुर्ची मोकळी झाली. सत्कारमूर्ती मंचावरून उतरली आणि तिथे जाऊन बसली.

*

दोन डिसेंबर एकोणीसशे ब्याऐंशीला, दिल्लीत, मंगोलियाच्या पैलवानाने मंडळाचा बिल्ला मान हलवून परत केला होता आणि अनारसे चार खाल्ले होते.